जावयाचा कोट आणि गरम पाणी

आमचे मोठे काका विमा कंपनीत होते. पॉलिसीच्या मागच्या पानावरचं बारीक अक्षर दाखवून लोकांचे दावे फेटाळायचे, हे त्यांचं काम आणि त्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. निवृत्त झाल्यावर मात्र बारीक अक्षरांवरून त्यांचा विश्वासच उडाला. विशेषतः कॉलरमागे शिवलेल्या. ‘फक्त ड्रायक्लीन’ असं दिसलं की त्यांचं डोकं फिरायचं.

“कंपन्या आणि लॉन्ड्रीवाले आतून मिळालेले आहेत,” ते म्हणायचे. “पाण्याला घाबरणारं कापड मी अजून पाहिलं नाही.”

सुरुवात काकूंच्या लोकरी शालीपासून झाली. थंड पाणी, थोडा शाम्पू, न पिळता टॉवेलात गुंडाळून दाबली आणि पलंगावर पसरून वाळवली. शाल सुरेख निघाली. खरं तर साध्या, बिनअस्तराच्या शालीला एवढं पुरतं. पण काकांना वाटलं, आपल्या हातालाच गुण आहे. मग ते शेजाऱ्यांची दारं वाजवून स्वेटर मागून आणू लागले. लोक भिडेपोटी देत. काका आधी लेबल कापून टाकत, मग बादली भरत.

अशात त्यांची मुलगी, म्हणजे आमची ताई, आणि जावई राहायला आले. जावयांना परवा मोठ्या नोकरीची मुलाखत होती आणि त्यासाठी शिवून घेतलेला राखाडी लोकरी कोट सोबत होता. चहा पिताना बाहीवर डाग पडला.

“उद्या ड्रायक्लीनला टाकतो,” जावई म्हणाले आणि दुपारी जरा आडवे झाले. काकांना एवढं निमित्त बास होतं. चहाच्या डागाला गरम पाणी हवं म्हणून त्यांनी गीझर लावला, ब्रशने बाही खसाखसा घासली आणि कोट पिळायला मशीनमध्ये टाकला.

जावई उठले तेव्हा कोट बाल्कनीतल्या दोरीवर होता. लोकर आटली होती. अस्तर आटलं नव्हतं, त्यामुळे ते खालून परकरासारखं बाहेर लोंबत होतं. छातीवर पापडासारखे फुगे आले होते. जावई पडले सभ्य. त्यांनी ओलाच कोट चढवला. बाह्या कोपराखाली जेमतेम पोचल्या.

“डाग मात्र गेला, बाबा,” ते म्हणाले.

“बाबा, यांना मुलाखतीला जायचंय, सर्कशीत नाही!” ताई कडाडली.

काकांनी बाहीचं कापड चिमटीत धरलं. “मालच हलका आहे. आत्ताच कळलं ते बरं झालं.” दावा जागच्या जागी फेटाळला.

काकू आत गेल्या आणि काकांचा निळा सूट घेऊन आल्या. निरोप समारंभाला शिवलेला, काकांच्या जिवापेक्षा जवळचा.

“हाही धुवा हातासरशी. कॉलर मळलीय.”

“तो नको! तो वेगळा आहे.”

“काय वेगळं? याची मेंढी परदेशात शिकलीय का?”

“अगं, आत कॅनव्हास असतं, खांद्यांना भरण असतं. पाण्यात गेला की आकारच जातो त्याचा...” आणि काका एकदम थांबले.



“म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं,” ताई हळू आवाजात म्हणाली.

काकांनी सूट बगलेत मारला आणि चपला घातल्या. लांबच्या लॉन्ड्रीत गेले. कारण जवळच्या दुकानदाराला त्यांनी तोंडावर लुटारू म्हटलं होतं. लांबच्या दुकानात तातडीचे दुप्पट पैसे मुकाट्याने मोजले.

तोच सूट घालून जावई मुलाखतीला गेले. कमरेत थोडा ढगळ होता, पण नोकरी मिळाली. ‘शकुनाचा’ म्हणून त्यांनी तो ठेवूनही घेतला. काका महिनाभर झुरले. शेवटी एकदा फोन हातात घेऊन काकूंना म्हणाले, “सूट परत मागू का गं?”

“मागा की,” काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या. “पण जावई संस्कारी आहेत. तसाच नाही देणार, घरी स्वच्छ धुऊनच देतील.”

काकांनी फोन खाली ठेवला.