साडूभाऊंचा हलका जॅक

माझ्या लातूरच्या साडूभाऊंनी आजवर एकही वस्तू हातात धरून वजन अजमावल्याशिवाय विकत घेतलेली नाही, आणि अजमावलेली वस्तू पहिल्याच खेपेला घेतल्याचंही आमच्या दोन्ही घरांत कुणाला आठवत नाही. कलिंगड, कुकर, चपला, आहेराची साडी, सगळं आधी उजव्या हातात, मग डाव्या हातात, मग डोळे मिटून आकडा. खात्रीसाठी खिशात स्प्रिंगचा काटा असतोच. त्याला वस्तू लटकवायची आणि अंदाज बरोबर आला की दुकानदाराकडे असं बघायचं, जणू त्यानेच पैज लावली होती. माझा मुलगा जन्मला तेव्हा दवाखान्यात बाकीची मंडळी नाक कुणावर गेलंय ते बघत होती. ह्यांनी बाळ हातात घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "तीन किलो शंभर. दुपटं धरून." नर्सच्या कागदावर तीन किलो होतं. घरी आल्यावर मी दुपटं तोलून पाहिलं. शंभर ग्रॅम भरलं. मी स्वतः हिशेबाचा माणूस आहे, म्हणून हे खात्रीने सांगतो.

ते औशाच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात. रोज लातूरहून स्वतःच्या कारने जातात आणि चाक पंक्चर झालं तर भर रस्त्यात स्वतःच बदलतात. मी बरोबर असलो तर मला हात लावू देत नाहीत. "तुम्ही सावलीत बसा राव. तुमचं पांढरं शर्ट लई महागाचं दिसून राहिलंय."

त्यांची एकुलती एक मुलगी नांदेडला इंजिनिअरिंगला होती. रविवारी जेवायला आमच्याकडे यायची. तिने आणि तिच्या वर्गमित्रांनी कॉलेजच्या वर्कशॉपात शर्यतीची छोटी गाडी बनवली होती. एका माणसापुरती आणि जमिनीला टेकते की काय वाटावं इतकी बुटकी. तेलंगणातल्या एका ट्रॅकवर कॉलेजांची स्पर्धा होती आणि गाडी चालवणार होती ही. चाकं बदलायला जॅक हवा होता, तोही हातात धरून पळता येईल असा. साडूभाऊ म्हणाले, "जॅक मी घेऊन देतो. माझ्या कारलाबी कामाला येईल. पण जॅक ठरल्याबिगर ट्रॅकवर जायचं न्हाई."

पोरगी आनंदाने हो म्हणाली. आपल्या बापाला ती वीस वर्षं ओळखत होती, तरी हो म्हणाली!

मग सुरू झाले रविवार. पहिल्या रविवारी जॅकची चाकं आवडली नाहीत. दुसऱ्या रविवारी दांडा हाताला टोचला. तिसऱ्या रविवारी दुकान बंद होतं, आणि त्या रविवारी ते बंद असणार हे त्यांना पक्कं माहीत होतं. स्पर्धा दहा दिवसांवर आली तेव्हा मेव्हणीचा मला फोन आला. "भाऊजी, जॅकचं काही नाही हो. ह्यांना पोरगी पाठवायची नाही. तोंडाने नाही म्हणवत नाही, म्हणून जॅक उचलत बसलेत."

पुढच्या रविवारी मी नांदेडहून पोरीला घेऊन थेट लातूरच्या दुकानात गेलो. साडूभाऊ आधीच फरशीवर उकिडवे बसले होते, समोर तीन जॅक. पहिला लहान लोखंडी. "नऊ किलो. हलका हाय, पण हिच्या गाडीखाली शिरत न्हाई." दुसरा मोठा लोखंडी, गाडीखाली आरामात शिरणारा. "बत्तीस. ह्याला उचलायला अजून एक जॅक लागंल." तिसरा ॲल्युमिनियमचा, बुटका, दीड टन उचलणारा. त्यांनी तो काट्याला लावला आणि दुकानदाराकडे वळले. "कागदावर चौदा लिवलंय. काटा साडेपंधरा दाखवून राहिला."

"सर, कागदावरचं वजन बिगर दांड्याचं असतं."

"मग दांडा काय घरी ठेवून जावं का?" ते उठले. "पुढच्या रविवारी बघू."

"पप्पा, पुढच्या रविवारी स्पर्धा संपलेली असेल," पोरगी म्हणाली. "मला धरून गाडी तीनशे किलोची. हा दीड टन उचलतो. अजून काय बघायचंय?"

"मी जॅकचं बघून राहिलो, बाई."

"न्हाई. तुम्ही माझं बघून राहिले."

दुकानदाराने उगाच एक नट पुसायला घेतला. साडूभाऊ काट्याकडे बघत राहिले.

"तुम्ही पण चला ना," ती हळूच म्हणाली. "तिथवर जॅक तुम्हीच उचला."

त्यांनी जॅक पुन्हा एकदा उचलला. या वेळी डोळे मिटले नाहीत. "बांधा," ते म्हणाले. सोळा हजार आठशे रुपये दुकानदाराच्या हातात रोख दिले, एक रुपयाही कमी करायला न सांगता. हे मी डोळ्यांनी पाहिलं.

देगलूरमार्गे आम्ही ट्रॅकवर पोचलो, तेव्हा कळलं की कुंपणाच्या आत फक्त पोरांना प्रवेश. साडूभाऊंनी जॅक कुंपणावरून तिच्या हातात दिला. "आधी चाकाला दगड लाव. उचलली की लगेच खाली स्टँड घाल. त्याबिगर गाडीखाली हात न्यायचा न्हाई. जॅक नुसता उचलतो, बाई. सांभाळत न्हाई."

गाडी सुटली तसा त्यांनी माझ्या हातातला पाण्याचा कॅन घेतला आणि ती परत येईपर्यंत छातीशी धरून ठेवला. नंबर आला नाही. पण गाडी शेवटपर्यंत धावली, चाकंही वेळेत बदलली गेली. मी विचारलं, "साडूभाऊ, कॅन किती भरला?" ते म्हणाले, "कोणता कॅन?"

आता तो जॅक त्यांच्या कारच्या डिकीत असतो. पोरगी गेल्या महिन्यात चेन्नईला नोकरीवर रुजू व्हायला निघाली. नांदेड स्टेशनवर आम्ही सगळे होतो. गाडी लागली तशी साडूभाऊंनी तिची बॅग उचलली, आधी उजव्या हातात, मग डाव्या, आणि डोळे मिटले. काटा खिशातच राहिला.

"किती, पप्पा?" तिने हसत विचारलं.

डोळे उघडायला त्यांना बराच वेळ लागला.

"हलकी हाय," ते म्हणाले. "जा."

ती बॅग डब्यात चढवायला मला दोन्ही हात लागले.