फळा पुसायचं कापड

नव्वदच्या सुमारास कॅम्प चार या वस्तीतल्या एका घाऊक कापड व्यापाऱ्याने वरून चांगला, आतून कुजका तागा देऊन मला फसवलं. तशीच घडी घालून तो गिऱ्हाइकाला खपवायला मी माझ्या कापडाच्या दुकानात बसलो होतो.

समोरच्या प्रार्थनाघराच्या फळ्यावर रोज देवाचे चार शब्द लिहिणारे म्हातारबाबा खडूने पांढरे झालेले हात झटकत आले.

"शेठ, आज काय लिहू?"

"फसवणाऱ्याचं वाटोळं होवो!"

"ते तुमच्या तोंडावरच लिहिलंय," ते हसले. ताग्यावर हात फिरवून म्हणाले, "फसलेल्यालाच फसवायचा मोह होतो. आज संध्याकाळपर्यंत तेवढा तो मोह आवरा. उद्याचं उद्या सांगतो."

रोज ते हेच सांगत आणि फळा पुसायला त्याच ताग्याचा एक तुकडा मागून नेत. तागा असाच संपला; गिऱ्हाइकाला त्यातला एक वारही मी विकला नाही. नाव मात्र मी त्यांना कधी विचारलं नाही.

त्या व्यापाऱ्याने आता त्याच फळ्यासमोर उभं राहून मला जाब द्यावा.