वहिनी आणि टांग्याचा घोडा

ही गोष्ट मी आजवर टाळली. आता सांगतो, घरात कुणाला राग आला तर खुशाल येवो. माझ्या वहिनीनं घोडा उपाशी ठेवला नव्हता.

सत्तरच्या सुमारास नागपुरात आमचं घर टांग्यावर चालायचं. चारा टाकायचं काम वहिनीचं. घोडा वाळू लागला, चावलेलं गवत तोंडातून गाळू लागला, तशी आई कडाडली, "काहून वं, जनावराले उपाशी मारून राहिली का?"

मी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जबडा उघडून दाखवला. घोड्याचे दात वाढतच राहतात आणि राठ गवत चावून झिजतात. याच्या दाढांना धारदार कडा आल्या होत्या, गाल आतून सोलला होता.

"याले मऊ काय चारता गा?" डॉक्टरांनी विचारलं.

भिजवलेला कोंडा आणि गुळाची पोळी. लाडानं मीच चारायचो, म्हणून तो गवत कमी खायचा आणि दाढा झिजायच्या राहिल्या. डॉक्टरांनी कानशीनं दाढा घासल्या. घोडा सुधारला.

घरी मी एवढंच म्हणालो, "औषध देलं."

आजही पुतणे वहिनीचा तो किस्सा हसत सांगतात. खोटं आहे ते! ती शेवटच्या आजारात असताना मी उशाशी बसलो होतो. "वहिनी, चूक माझी होती, माफ करा," असं म्हणायचं होतं. मी पाणी हवं का विचारलं.