मरीन पन हटनार नाही

मास्तरांनी चष्मा धोतराच्या सोग्याला पुसला, इंजिनावर वाकले आणि पितळी पाटीवरची इंग्रजी अक्षरं एकेक करून लावली.

"म... री... न. मरीन," ते म्हणाले. "पुढं इंजिन लिहिलं आहे. मरीन इंजिन."

कामठ्याचे टेकचंदजी इंजिनाच्या पाठीवरून हात फिरवत होते, बैल घेताना फिरवतात तसा. त्यांनी हात काढून घेतला.

"काय म्हनते?"

"मरीन."

"इंजिनच म्हनते?"

"पाटीवर तसंच आहे जी."

टेकचंदजींनी जोडे पायात घातले आणि माझ्याकडे वळले. "घ्यायच्या आधीच जो मरीन म्हनते त्याले घरी नेऊन काय करू, डोमा? घरी आमची म्हातारी आहे, ते रोज हेच म्हनते. तेवढी पुरे आहे."

ते आपल्या खासरीत बसले, बैलांच्या शेपट्या पिळल्या आणि निघाले. मास्तर मागं धावले. मरीन म्हणजे आपलं मरायचं मरीन नव्हे, इंग्रजीत समुद्राचं म्हणतात त्याला, असं त्यांनी ओरडून सांगितलं. टेकचंदजींनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हणाले, "मंग तर नोकोच. समुद्राचं इंजिन गोड पान्यावर कसं चालन? माह्या बोडीच्या पान्यात मीठ टाकू काय?"

मास्तरांना मीच बोलावलं होतं. माल विलायती आहे हे शिकलेल्या माणसाच्या तोंडून गेलं तर वजन पडेल, असा माझा हिशेब. माझी स्वतःची शाळा तिसरीत संपली. गुरुजींनी कान धरला, मी त्यांची छडी मोडली, आणि दुसऱ्या दिवसापासून गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये तेल घालायला लागलो. पुढं मिस्त्री झालो. मराठी मला वाचता येते, लिहिताही येते, वाचणाऱ्याची मर्जी असली तर.

आता इंजिनाचं सांगतो. अर्जुनीकडे एका मालगुजार जमीनदाराच्या गावाला मोठा तलाव होता. मालकांना थंडीत बदकांच्या शिकारीचा नाद. लढाई संपल्यावर सरकारनं जुना माल विकायला काढला, त्यात त्यांनी एक लाँच घेतली. आमच्याकडे तिला इंजिनाचा डोंगाच म्हणायचे. डोंग्याची इंजिनं दोन जातीची असतात. एक बाहेर, शेपटीला टांगलेलं. दुसरं आत, डोंग्याच्या पोटात बसवलेलं. त्याचा दांडा तळातून बाहेर जातो आणि पंखा फिरवतो. हे पोटातलं होतं. चार सिलिंडर. पेट्रोलवर सुरू करायचं, तापलं की राकेलवर घ्यायचं. ते मी माझ्या हातानं बसवलं आणि आठ वर्षं सांभाळलं. आवाज असा की मालकांनी बंदूक उचलायच्या आत तलावातली सगळी बदकं उडून जायची. आठ वर्षांत त्या डोंग्यावरून एक बदक मेलं नाही. इंजिनाचा तेवढाच एक दोष होता, आणि तोही बदकांनी मानला नसता.

मालगुजारी मधेच गेली होती. शेवटी तलावही सरकारचा झाला. डोंगा काठावर सडला. मालकांनी मला बोलावून सांगितलं, "डोमा, इंजिन गोंदियाला ने आणि दिवाळीच्या आत गिऱ्हाईक लाव. नाहीतर भंगारवाल्याले देऊन टाकतो. त्याचा निरोप येऊन राहिला."

भंगारवाला मला माहीत होता. स्टेशनाच्या मागं त्याचं आवार. तो इंजिन खोलत नाही, फोडतो. घणानं. ज्याचे बोल्ट मी आठ वर्षं पान्याशिवाय दुसऱ्या कशानं शिवले नव्हते, त्याच्यावर घण पडणार म्हटल्यावर मी मालकांना म्हणालो, "गिऱ्हाईक लावतो. नाही लागलं तर पहिला घण माह्या पेटीवर मारा म्हना." पेटी म्हणजे माझी पान्यांची पेटी. बोलून बसलो. बोललेलं मी परत घेत नाही; सवय नाही.

अरुंद रुळांच्या छोट्या गाडीनं इंजिन गोंदियाला आणलं, माझ्या टपरीत ठेवलं. टेकचंदजी हे नेमकं गिऱ्हाईक होतं. त्यांनी पंप आधीच घेऊन ठेवला होता, ओढायला इंजिन नव्हतं. बोडी, म्हणजे शेतातला लहान तलाव, भरलेली. आणि वरच्या बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांमध्ये, धान लोंबीवर येऊन पाण्यासाठी तोंड वासून उभं. आणि असं गिऱ्हाईक एका शब्दानं गेलं.

शब्द मात्र गेला नाही. तो बाजारात फिरला. दोन दिवसांत कोणीही टपरीवरून जाताना विचारायचं, "काय डोमा, मेलं काय?" दुसरं एक गिऱ्हाईक आलं, त्यानं इंजिनाकडे न बघता पाटीकडेच बघितलं आणि घरी विचारून येतो म्हणाला. भंगारवाला रोज पान खात यायचा. इंजिनावर बोटानं टकटक करायचा.

"मिस्त्री, आज नहीं तो कल मेरेकोच देना है. लोहे का आखरी घर मेरा."

मास्तरांना वाईट वाटत होतं. ते म्हणाले, "मिस्त्री, पाटी काढून टाका ना. चार तर खिळे आहेत."

"पाटी चोरीच्या इंजिनाची काढतेत," मी म्हणालो. "माहं इंजिन चोरीचं नाही."

"मग काय करता?"

"मरीन म्हनते तर म्हनू द्या. पुढचं काय म्हनते ते कोनी आयकलंच नाही."

मिलचा दरवाजा रंगवून उरलेला लाल ऑइलपेंट माझ्याकडे होता. पाटीच्या खाली जागा घासून काढली आणि ब्रशनं, मोठ्या अक्षरात, माझ्या हातानं लिहिलं: 'मरीन पन हटनार नाही.'

मास्तरांनी वाचलं आणि डोक्याला हात लावला. "ण लिहा हो, ण. पण. हटणार."

"आठ वर्षं आमच्या झाडीपट्टीत राहिलं ते. न-च म्हनन."

दुसऱ्या दिवशी मी कामठ्याला गेलो. टेकचंदजी खळ्यात बसले होते. मी सांगितलं, मास्तरनं अर्धंच वाचलं. बाकीचं येऊन वाचा. ते आले. त्यांना वाचता येत होतं. दोनदा वाचलं.

"विलायतेचं इंजिन, खालचं मराठीत काऊन?"

"वरचं बनवनाऱ्यानं लिहिलं. खालचं मी. त्यानं बनवून धाडून देलं, आठ वर्षं मी पाहिलं. त्याच्याहून जास्त मले माहीत."

टेकचंदजी हसले नाहीत, पण परत गेलेही नाहीत. गिअरच्या दांड्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा दांडा कायचा?"

"उलटा फिरवाचा. डोंगा मागं घ्यायले."

"उलटा फिरवला तर वावरातलं पानी बोडीत येते काय?"

"तसं नाही जी. त्या दांड्याले हात नाही लावाचा."

"हं. आन कामठ्याले. माह्या बांध्या भरेपर्यंत चालव. मधात एकदा जरी आपल्या मनानं बंद पडलं, तर तुहं इंजिन तुले."

मी इंजिन बैलगाडीवर चढवलं. मागून आणखी एक बैलगाडी येत होती, रिकामी. तिच्यावर भंगारवाला होता, आणि त्याच्या पायाशी घण. "दो बार काय कू आना?" तो म्हणाला. "मालक कू पूछ लिया मैंने. नहीं बिका तो वहींच फोड के ले जाऊँगा."

बोडीच्या पाळीवर इंजिन बसवलं. पंख्याच्या जागी पुली, पुलीवरून पट्टा पंपाला. एक गोष्ट इथं समजून घ्या. डोंग्याच्या इंजिनाला मोटारीसारखा रेडिएटर नसतो. ते ज्या पाण्यावर तरंगते तेच पाणी एका नळीनं आत ओढते, अंगातून फिरवते आणि दुसऱ्या नळीनं थुंकून टाकते. त्याच्यावरच थंड राहते. म्हणून एक नळी मी बोडीत सोडली, तिच्या तोंडाला जाळी बांधली. थुंकणारी नळी माझ्या डोळ्यांसमोर ठेवली.

भंगारवाला मोहाच्या झाडाखाली घण उशाशी घेऊन आडवा झाला. टेकचंदजी बांधावर बसले.

इंजिन दुसऱ्या हँडलला सुरू झालं. राकेलवर घेतलं. पंपानं पाणी उचललं. पहिली बांधी भरली, दुसरी भरली. कामठ्याची अर्धी माणसं जमली. दुपार कलली तेव्हा थुंकणारी नळी बोटाएवढी धार टाकत होती ती करंगळीएवढी झाली. मग सुतळीएवढी. मला कळलं. बोडीत शिंगाड्याचे वेल होते. त्यातला एखादा जाळीवर बसला होता. इंजिनाला पाणी मिळत नव्हतं. ते तापायला लागलं. रंगाचा वास सुटला.

शहाणा मिस्त्री अशा वेळी इंजिन बंद करतो. पण बंद केलं की ते बंद पडलं असंच धरलं गेलं असतं, आणि मोहाखालचा माणूस उठून बसला होता. त्याला वास लवकर येतो.

मी धोतर खोचलं आणि बोडीत उतरलो, छातीएवढ्या पाण्यात.

"का करून राहिला?" टेकचंदजींनी विचारलं.

"शिंगाडे काहाडतो जी. भूक लागली."

पाण्याखाली जाळी सापडली. वेल ओढून काढला. दोन शिंगाडे खरंच हाताला लागले, ते वर दाखवले. तोवर नळीनं आधी वाफ थुंकली, मग चिखल, मग धार. बाहेर येऊन मी शिंगाडे सोलून खाल्ले.

शेवटची बांधी भरली. टेकचंदजी उठले. "बस. बंद कर आता."

मी मॅग्नेटोचं बटन दाबलं. बटन दाबलं की ठिणगी बंद, ठिणगी बंद की इंजिन बंद. हा नियम आहे.

इंजिन बंद झालं नाही.

मी पुन्हा दाबलं. ते चालूच. धक, धक, धक. मला कारण माहीत होतं. राकेलवर चालणाऱ्या इंजिनाच्या डोक्यात काजळी बसते. इंजिन फार तापलं की ती निखाऱ्यासारखी लाल होते आणि ठिणगीशिवायच तेल पेटवत राहते. वेल, ताप, काजळी. चूक सगळी माझी. मालकाकडून आणलं तेव्हा हेड खोलून साफ करायला हवं होतं. मी तेलाचा कॉक फिरवला. पण आत उरलेलं तेल असतेच. तंबाखू मळून होईल एवढा वेळ ते इंजिन कोणाच्या हुकुमाशिवाय चाललं. मी बटन दाबून उभा. गाव बघत होतं.

टेकचंदजी जवळ आले. वाकले. लाल अक्षरं मोठ्यानं वाचली. "हटनार नाही." मग भंगारवाल्याकडे वळले. "भाऊ, तुमचा घन घेऊन जा. हे नाही मरत."

भंगारवाल्यानं घण गाडीत टाकला. जाता जाता माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाला, "मिस्त्री, हेड में कार्बन है ना?" धंद्यातला माणूस. मी म्हणालो, "शिंगाडा खाता?"

किमतीचं मालकांनी आणि टेकचंदजींनी आपसात ठरवलं. माझी पेटी वाचली, इंजिन वाचलं. पण रात्रभर मला चैन पडलं नाही. सकाळी टेकचंदजींच्या घरी जाऊन खरं काय ते सांगितलं. म्हणालो, "खोड आहे ते. हेड खोलतो, काजळी काहाडतो, बटन दाबलं का गप होईल. फुकट करून देतो."

टेकचंदजींनी माझी पेटी उचलून दाराबाहेर ठेवली.

"पाटीवर लिहिलेला गुन काहाडून नेशीन," ते म्हणाले, "अन् वरून फुकट म्हनून सांगतेस? हात नोको लावू."

हात लावला नाही असं नाही. दर उन्हाळ्यात बोल्ट आवळायच्या निमित्तानं जात होतो, आणि ते जेवायला गेले की हेड उचलून काजळी खरवडत होतो. पण सगळी नाही. थोडी ठेवत होतो. पाहुण्यांसमोर बटन दाबल्यावर चार-दोन धक्के तरी निघाले पाहिजेत, नाहीतर त्यांची मान खाली गेली असती.

नव्या मिस्त्र्यांना एकच सांगतो. विकताना मालाची खोड झाकू नका. ती आधीच मोठ्या अक्षरात पाटीवर लिहून ठेवा. आणि मास्तरला बोलावू नका.