आत्याच्या हातातला दोर

अख्ख्या वऱ्हाडात वाऱ्याशी हाडवैर धरलेला एकच गृहस्थ मी पाहिला, आणि ते म्हणजे आमचे आतोबा. अकोल्यात जन्मभर गणित शिकवलं, समुद्र पाहिला तो एका सहलीत, आणि निवृत्त झाल्यावर मोबाइलवरचे व्हिडिओ बघून शिडाची होडी बांधली. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या गल्लीत, दारापुढे होडी. शेजारी विचारत, "गुरुजी, पूर येऊन राहिला काय?" थट्टा आतोबांना कळत नसे, ते गंभीरपणे वाऱ्याची दिशा सांगत. शिडाखालचा आडवा दांडा, म्हणजे बूम, इतक्यांदा डोक्यात बसला होता की घरातही वळताना ते वाकत. एका लग्नात अंतरपाट हलला तसे हे भर मांडवात खाली वाकले.

दर रविवारी होडी टेम्पोत घालून बार्शीटाकळीकडच्या धरणावर ते आणि आत्या जात, कधीकधी मीही सोबत असे. सुकाणू आतोबांकडे, बूमचा दोर आत्याकडे. वाऱ्याच्या तोंडावर जायचं तर बूम होडीच्या मधोमध आवळलेला हवा, हा त्यांचा सिद्धांत. "आवळ, अजून आवळ," ते ओरडत. पदर खोचून आत्या म्हणे, "हो जी, आवळला." होडी झोकात पलीकडे जाई. तिथे भाकरी-ठेचा खाताना आतोबा मला सांगत, "तुह्या आत्याले यातलं काई समजत नाई, पण आयकते."

गेल्या उन्हाळ्यात आत्या गेली. होडी दारात धूळ खात पडली. त्यांच्या मुलीनं ती विकायचं काढलं, तेव्हा आतोबा मला म्हणाले, "एक डाव चाल माह्यासंगं. पलीकडं जाता नाई आलं, तं इकून टाकू."

मी दोर धरला. "आवळ." आवळला. होडी रखडली, कलली. "अजून आवळ." मी इमानदारीनं आवळला. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला, पाणी होडीच्या कडेवरून आत शिरलं, आणि घाबरून माझ्या हातून दोर सैल सुटला. बूम थोडा बाहेर गेला. होडी सावरली आणि चालू लागली.

आतोबा बूमकडे बघत राहिले. "अजून जराशी ढील दे." दिली. होडी आत्याच्या वेळी जायची, अगदी तशी निघाली.

"म्हंजे इतके वर्स तुही आत्या माहं आयकतच नव्हती," आतोबा म्हणाले. मला हसू फुटलं.

काठ लागला तरी ते उठेनात. "चारचौघात मी म्हनो, हिले काई समजत नाई," ते म्हणाले. "अन् तुही आत्या नुसती हासे. एक डाव तरी सांगाचं होतं तिनं."

डबा आणायचं आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं. तसेच उपाशी बराच वेळ बसून राहिलो.