तुमचं म्हणणं काय?

मोहनराव पिसे यांनी पेपरच्या गठ्ठ्याची सुतळी कधी कापली नाही. उजाडता उजाडता भवानीनगरच्या चौकात पेपरची गाडी यायची, चालक बसल्या जागेवरून गठ्ठा खाली ढकलायचा आणि मोहनराव त्यापुढे उकिडवे बसून गाठ सोडवत राहायचे. शेजारचा केळीवाला रोज विचारायचा, "अण्णा, विळा देऊ का?" हे रोज नको म्हणून मान हलवायचे. सुटलेली सुतळी पंज्याभोवती गुंडाळून ते सणसरला घरी आणत आणि बायकोच्या, मंदाकिनीच्या, हातात देत. तिची टोमॅटोची झाडं त्याच सुतळीनं काठ्यांना बांधलेली असत. गावातल्या बाया चेष्टा करायच्या, "मंदाकाकू, तुमची टमाटी पेपर वाचून लाल होत्यात व्हय?"

तालुक्याच्या गावात बातमी देणारा आणि पेपर टाकणारा माणूस एकच असतो. ज्याच्याविरुद्ध काल लिहिलं त्याच्याच दारात आज पेपर टाकायचा. म्हणूनच की काय, मोहनरावांनी एक शिस्त पाळली होती. बारामतीच्या कार्यालयात उमेदवारी करताना एका म्हाताऱ्या उपसंपादकानं ती शिकवली होती. ज्याचं नाव छापायचं, त्याला आदल्या दिवशी विचारायचं. संध्याकाळी ते अंगणात उभे राहून फोन लावत. "उद्या तुमच्याविषयी छापतोय. तुमचं म्हणणं काय?" पलीकडून कधी शिवी यायची, कधी हसू, कधी नुसताच फोन बंद. मंदाकिनी भाकरी थापता थापता ऐकायची. मोहनरावांच्या चेहऱ्यावरून तिला पलीकडचं उत्तर कळायचं.

डाळजच्या बाजूला धरणाच्या पाण्यात चोरून वाळू उपसणाऱ्या बोटी चालायच्या. धंदा अविराजचा. तिशीतला पोरगा, पांढरे बूट, बोलायला गुळासारखा. मोहनरावांनी त्याला पहिल्यांदा फोन केला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात तिघे वाट बघत होते. दोघांनी त्यांचा उजवा हात गठ्ठ्यावर आडवा दाबून धरला. तिसऱ्यानं लोखंडी टामी घातली, एकदा नाही, हात लुळा पडेपर्यंत. तो आवाज कसा होता ते केळीवाल्यानं मंदाकिनीला नंतर सांगितलं. "ऊस मोडावा तसा, काकू."

ती धावत पोचली तेव्हा लोक दवाखान्यात चला म्हणून विनवत होते, आणि हे गठ्ठ्यावर वाकून दातांनी गाठ सोडवत होते. वरचे अंक रक्तानं भिजले होते. त्यांनी खालचे काढले आणि लोकांच्या हातात दिले. हात पुढे सांधला, पण वाकडाच राहिला.

डाळजचे तात्याबा त्यानंतरचे. त्यांची पेरूची बाग पाण्याला लागून होती. बोटी तळातली वाळू ओढत, तशी काठाची माती खचत होती आणि झाडं मुळासकट पाण्यात जात होती. त्यांनी सगळं सांगितलं. "माझं नाव छापा, अण्णा. भितो का काय मी?" मोहनरावांनी शिस्तीप्रमाणे संध्याकाळी अविराजला फोन लावला. "डाळजचे तात्याबा सांगतात, बोटी तुमच्या हायत. तुमचं म्हणणं काय?"

बातमी छापून आली त्या सकाळी तात्याबा पेरूच्या पाट्या घेऊन बांधावर उभे होते. वाळूचा हायवा ट्रक त्यांच्या अंगावरून गेला. थोडा पुढे जाऊन थांबला. आणि मग मागे आला.

मोहनराव आणि मंदाकिनी तिथं गेले तेव्हा तात्याबांवर गोणपाट टाकलं होतं आणि ते पुरत नव्हतं. त्यांची बायको छबूबाई रक्तामातीतले पेरू वेचून पदरात घालत होती. कुणी धरायला गेलं की हात झटकत होती. "राहू दे," एवढंच म्हणत होती, "राहू दे, राहू दे."

परतताना मोटारसायकलवर मागे बसलेली मंदाकिनी म्हणाली, "नाव तुमी सांगितलं."

"छापा म्हणाले होते ते."

"छापा म्हणाले हुते. आदल्या दिवशी सांगा म्हणाले न्हवते."

पुढं बरेच दिवस मोहनरावांनी बातमी लिहिली नाही. सकाळी गठ्ठा मात्र सोडवत राहिले, डाव्या हातानं आणि दातांनी.

निवडणूक लागली तेव्हा छबूबाई सणसरला आली. पाणीसुद्धा न घेता म्हणाली, "अण्णा, पेपरात लिवून माझा माणूस गेला. आता जितं सरकारला उत्तर द्यावं लागतं तितं जाऊन बोला. उभं ऱ्हावा." मंदाकिनीला वाटलं, हे नाही म्हणतील. ते छबूबाईच्या पायांकडे बघत हो म्हणाले.

त्या प्रचारात फुलांपेक्षा दगड जास्त पडले. इंदापूरच्या सभेत एक दगड भुवईवर बसला. टॉवेल दाबून धरून त्यांनी भाषण पुरं केलं, रक्त हनुवटीवरून माइकवर ठिबकत होतं. पोलिंग एजंट म्हणून बसायला तयार झालेल्या एका पोराला उसात नेऊन बेशुद्ध पडेपर्यंत मारलं. तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, मोहनराव निवडून आले. गुलाल उधळला गेला तेव्हा मंदाकिनी दचकली. तिला आता लाल रंग सोसत नव्हता.

आमदार झाल्यावरही ते सकाळी चौकात जात. सोबतचा बंदूकधारी पोलीस ओशाळून म्हणायचा, "साहेब, मी सोडतो ना गाठ." ते त्याला चहाला पिटाळायचे.

थंडीत अधिवेशन भरलं. तात्याबांच्या मृत्यूची लक्षवेधी सूचना लागली आणि मोहनराव सभागृहात अविराजचं नाव घेणार होते. निघायच्या आदल्या संध्याकाळी ते सवयीनं अंगणात गेले. मंदाकिनी दारात आडवी उभी राहिली.

"ह्या वेळी फोन करायचा न्हाय."

"मंदे, तितं तो उठून उत्तर देऊ शकत न्हाय. पेपरात निदान दुसऱ्या दिवशी खुलासा तरी छापता येतो."

"तात्याबांना कुठं देता आलं उत्तर?"

ते बराच वेळ वाकड्या हाताची बोटं चोळत राहिले. मग म्हणाले, "म्हणून ह्या वेळी दुसऱ्या कुणाचं नाव सांगणार न्हाय. मीच म्हणतोय, असं सांगीन."

तिला त्याचा अर्थ लगेच कळला. तिनं त्यांच्या हातातून फोन ओढला आणि पिठाच्या डब्यात खुपसला. एरवी ती हसली असती. ते शांतपणे आत आले, फोन काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि तिच्यासमोरच लावला. आवाज मोठा ठेवला. तिच्यापासून काही लपवायचं नव्हतं.

"अण्णा!" अविराज हसत म्हणाला. "आमदार झाला तरी तुमी वार्ताहरच राहिला बगा. चोराला कोण सांगतं व्हय, उद्या धरतो म्हणून?"

"तुमचं म्हणणं काय, तेवढं सांगा."

"लिवा. आरोप खोटे हायत. राजकारणासाठी केलेत."

"आणखी?"

"आणखी सकाळी सांगतो."

फोन बंद झाला. मंदाकिनी भिंतीला टेकून खाली बसली. मोहनरावांनी बारामतीच्या कार्यालयात फोन लावला आणि सभागृहात कुणाचं नाव घेणार ती बातमी उभ्या उभ्या सांगितली. अविराजचं म्हणणं चौकटीत घ्या म्हणाले, जसंच्या तसं, एक शब्द न गाळता.

सकाळी ती हट्टानं जीपमध्ये जाऊन बसली. चौकात धुकं होतं. पोलीस चहाच्या टपरीकडे वळला. मोहनराव उतरले, तिच्याकडे बघून काहीतरी बोलले आणि गठ्ठ्यापुढे उकिडवे बसले. त्यांनी मान खाली घालून गाठीला दात लावले तेव्हाच मोटारसायकली आल्या.

पहिला कोयता मानेवर आला. मोहनरावांनी वाकडा हात वर केला, दुसऱ्या घावात तो मनगटाशी तुटून लोंबला. मंदाकिनी जीपमधून कशी उतरली ते तिला आठवत नाही. तिनं एकाचा सदरा मागून पकडला. त्यानं न बघता कोपर मारलं, तिचा दात ओठात रुतला, तरी सदरा सोडला नाही. तो फाटून तिच्या मुठीत आला. केळीवाला विळा घेऊन ओरडत धावला आणि पोटात लाथ बसून आपल्याच गाड्याखाली कोसळला. कोयते उसावर चालावेत तसे चालले, खालून वर, घाई न करता. टपरीकडून गोळी सुटली ती हवेत. तोवर मोटारसायकली धुक्यात गेल्या होत्या आणि मोहनराव गठ्ठ्यावर पालथे पडले होते.

पंचनाम्याला आलेल्या शिपायानं गठ्ठा मोकळा करायला सुतळीला चाकू लावला. मंदाकिनीनं त्याचं मनगट धरलं. कुणी तिला अडवलं नाही. ती रस्त्यावर बसली आणि ओली, फुगलेली गाठ नखांनी सोडवू लागली. फार वेळ लागला. माणसं भोवती उभी होती.

वरचे अंक चिकटून गेले होते. खालचा कोरडा अंक इन्स्पेक्टरनं उघडला. पहिल्याच पानावर बातमी होती, तिच्या पोटात चौकट. आरोप खोटे आहेत, राजकारणासाठी केले आहेत. आणि खाली शेवटची ओळ: ‘आणखी सकाळी सांगतो,’ असेही अविराज म्हणाले.

इन्स्पेक्टरनं ती ओळ वाचली, परत वाचली. अंकाची घडी घालून शिपायाला म्हणाला, "उचला त्याला. आत्ता." मग तो मंदाकिनीपुढे वाकला.

"ताई, शेवटी काय बोलले साहेब? कुणाचं नाव घेतलं?"

तिच्या पंज्याभोवती सुतळी गुंडाळलेली होती, रक्तानं जड झालेली. तोंडातलं रक्त पदराला पुसून ती म्हणाली, "नाव न्हाय घेतलं कुणाचं. जीपमधनं उतरले आन् म्हणाले, ‘तू बस, मंदे, गार हाय. सुतळी सोडून आलोच, मग च्या पिऊ.’"