दोन सारखे भाग

"शेवटचा दाबा अक्का, तोच रिकामा," मोहन म्हणाला. माझा कर्सर 'फॉरमॅट'वर होता. फॉरमॅट म्हणजे त्या भागातलं सगळं पुसणं.

यशवंतपूरमधलं वर्कशॉप. शंकरअण्णा आणि धाकटा मोहन मशीनचे सुटे भाग बनवतात. ड्रॉइंग विंडोजवर काढतात, पण नव्या मशीनचं सॉफ्टवेअर फक्त लिनक्सवर चालतं. कॉम्प्युटर एकच. दोन्ही सिस्टिम त्यातच बसवायच्या आणि सुरू करताना हवी ती निवडायची, याला ड्युअल बूट म्हणतात. माझं कामच ते.

डिस्कचे आखून वेगळे केलेले भाग म्हणजे पार्टिशन. लिनक्स बसवणारा इन्स्टॉलर ते आपणहून करतो, पण त्याच्या मर्जीवर सोडलं तर कधी अख्खी डिस्क साफ करून मोकळा होतो. म्हणून मी हातानेच करते. आधी विंडोजमध्ये बघून घेतलं होतं. सीमध्ये विंडोज, डीमध्ये सगळी ड्रॉइंग, ई रिकामा. लिनक्स ईवर बसणार होतं.

पण ही अक्षरं विंडोजची. इन्स्टॉलर नुसते नंबर आणि आकार दाखवतो. मी आकारावरून ओळखते, आणि इथे डी आणि ई तंतोतंत सारखे. किती भरलंय त्या रकान्यात 'अननोन'.

"अण्णा, असे कोणी केले?"

"मीच करून घेतले. डी माझा, ई मोहनचा. वडिलांनी शेडपण अर्धी-अर्धी दिली. कमी-जास्त नको."

मोहनने आपल्या भागात एकही फाइल ठेवली नव्हती, ते सोडा.

"ड्रॉइंगची दुसरी कॉपी?"

"पेन ड्राइव्हवर होती. मोहनकडे."

"अण्णाकडे," मोहन म्हणाला. "डी आधी, ई मागनं. लहान पोरालापण कळतंय. स्वल्प लवकर करा, पार्टी माल मागायलीय."

"थांबा," मी म्हटलं आणि इन्स्टॉलर बंद केला. त्याच्यासोबत येणाऱ्या लिनक्समधून शेवटचा भाग उघडला.

ड्रॉइंगच ड्रॉइंग. वर्षानुवर्षांची. म्हणजे शेवटचा हाच डी. आधीच्या कोणा टेक्निशियनने अक्षरांची अदलाबदल केली असणार. ती कशीही देता येतात. अण्णा स्टुलावर बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. मोहन नवी हार्ड डिस्क आणायला गेला.

आधी कॉपी केली. मग खरा रिकामा भाग फॉरमॅट करून लिनक्स बसवलं. मशीन चालू झालं. रिकामं काय आहे हे मालकाला विचारू नये, उघडून बघावं, एवढं मी त्या दिवशी शिकले.

निघताना अण्णा म्हणाले, "मोहनचा भाग गेला की. आता डीचे दोन करून द्या. सारखे."

"करते. पण एक थोडा मोठा ठेवणार, म्हणजे ओळखू येईल. मोठा कोणाला?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "सरी, बरं, बघून सांगतो," अण्णा म्हणाले.

डी अजून अखंड आहे.